बटाट्याचा मान

मराठी घरात पुरणयंत्र वर्षातून मोजक्या वेळा फळीवरून खाली येतं. होळीला, बैलपोळ्याला, गौरींच्या नैवेद्याला. पुरण निघालं की घासूनपुसून ते पुन्हा वर जातं. यंदा ते बटाट्यासाठी खाली काढावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. जोएल रोब्युशाँ या फ्रेंच शेफनं १९८१ मध्ये पॅरिसमध्ये 'जामँ' हे रेस्तराँ सुरू केलं आणि १९८४ पर्यंत मिशेलिनचे तीनही तारे मिळवले. तिथल्या महागड्या माशा-मांसापेक्षाही जास्त नाव झालं ते बटाट्याच्या लगद्याचं. तो लगदा ज्या यंत्रातून निघत असे त्याच्या तळाला भोकांची चकती, चकतीवर तिरकं पातं आणि ते फिरवायला वर मूठ. आपलं पुरणयंत्रच ते.

बटाटा आपल्या घरात कायम हाताशी असतो. भाजी आणायची राहिली, पाहुणे अचानक आले, पोरं रुसली, की टोपलीत हात जातो. लग्नाच्या पंगतीत त्याच्या पिवळ्या भाजीला उजवीकडे हक्काची जागा आहे आणि उपासाच्या दिवशी तर सगळं घर त्याच्यावर चालतं. पण इतका सवयीचा झाल्यामुळे त्याच्याकडे नीट पाहायचं राहून गेलं. पाहुण्यांसाठी काही खास करायचं म्हटलं की पनीर येतं, मश्रूम येतात. बटाटा आला तरी चीजच्या थराखाली झाकून येतो. माझं मत वेगळं आहे. बटाटा देखणा होतो तो दोन निर्णयांनी: त्यातलं सत्त्व, म्हणजे स्टार्च, ठेवायचं की धुवून टाकायचं, आणि त्यातलं पाणी कधी घालवायचं. या दोन गोष्टी ज्याला कळल्या त्याला वरून काही झाकावं लागत नाही. काश्मीरपासून कारवारपर्यंत आणि पार फ्रान्समध्येही चांगले स्वयंपाकी हेच करत आले आहेत.

सुरुवात बाजारातूनच करायला हवी. पुण्याच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात चक्कर मारली तर आग्रा, इंदूर, तळेगाव अशी नावं ऐकू येतात. ही गावांची नावं. बटाट्याची जात कुठली हे मात्र किरकोळ विक्रीत कोणी सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. तांदूळ घेताना आपण इंद्रायणी की आंबेमोहोर हे विचारतो, आंबा घेताना तर गाव, जात आणि पेटी उघडल्याचा दिवसही विचारतो. बटाट्याला मात्र 'नवा की जुना' एवढाच प्रश्न. तोही प्रश्न चांगला आहे, पण पुरेसा नाही.

आपल्या देशात पिकणाऱ्या बहुतेक जातींच्या नावाआधी 'कुफरी' लागतं. शिमल्याजवळच्या गावाचं हे नाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्याला सुरू झाली आणि १९५६ मध्ये शिमल्याला गेली. तिथून निघालेल्या जातींना हे नाव मिळालं. कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी १९६८ मधल्या. कुफरी पुखराज १९९८ मधली. लवकर तयार होणारी, भरघोस उत्पन्न देणारी आणि म्हणून शेतकऱ्यांची आवडती. त्याच वर्षी चिप्सोना या नावाच्या पहिल्या दोन जाती आल्या, त्या खास वेफर्ससाठी. पुखराजमध्ये पाणी जास्त, चिप्सोनामध्ये कमी. एक रश्शात अख्खा राहतो, दुसरा उकडला की पिठासारखा मोकळा होतो. स्वयंपाकाच्या दृष्टीनं ही दोन वेगवेगळी कंदमुळं समजावीत इतका हा फरक मोठा आहे.

घरी आलेला बटाटा कोणत्या प्रकारचा हे ओळखायचा एक सोपा मार्ग आहे. १ वाटी मीठ ११ वाट्या पाण्यात विरघळवायचं आणि बटाटा त्यात सोडायचा. पिठूळ बटाटा बुडतो, कारण स्टार्च पाण्यापेक्षा जड असतो आणि त्याच्यात तो भरलेला असतो. चिकट, पाणीदार बटाटा तरंगतो. एकाच पिशवीतले काही बुडतात आणि काही तरंगतात, हेही दिसेल. बुडालेले लगद्याला, पॅटीसला, वड्याच्या सारणाला. तरंगलेले रश्शाला, कापांना, दमला. एवढी वाटणी केली तरी निम्मं काम झालं.

शीतगृहातल्या बटाट्याचा स्वभाव आणखी निराळा. उन्हाळ्यानंतर आपण खातो तो उत्तरेकडचा बटाटा बहुधा २ ते ४ अंश सेल्सियसला साठवलेला असतो. इतक्या थंडीत बटाट्यातला स्टार्च हळूहळू साखरेत बदलतो. मग तो तळला की आतून शिजण्याआधीच तपकिरी होतो, भाजीला उगाच गोडसर चव येते आणि आपण तेलाला दोष देतो. वेफर्सच्या कारखान्यांना हे परवडत नाही, म्हणून त्यांचा माल १० ते १२ अंशांवर ठेवतात. घरी उपाय इतकाच की असे बटाटे दोन-तीन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर जागी टोपलीत ठेवावेत. बरीचशी साखर पुन्हा स्टार्चमध्ये बदलते. फ्रिजमध्ये कच्चा बटाटा कधीच ठेवू नये. उजेडातही नको. हिरवट झालेल्या आणि मोड आलेल्या भागात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं आणि ते शिजवल्यानं जात नाही. थोडी हिरवट साल असेल तर जाड कापून काढावी, बटाटाच हिरवा झाला असेल तर टाकून द्यावा.

महाराष्ट्राचा स्वतःचा बटाटा येतो तो वेगळ्या वेळी. आंबेगाव तालुक्यात सातगाव पठार आहे. तिथे पावसाच्या पाण्यावर खरिपात बटाटा होतो. जूनच्या पावसात लागवड, सप्टेंबरच्या सुमारास काढणी. साताऱ्याकडे खटाव, कोरेगाव भागातही बटाट्याची मोठी लागवड आहे. उत्तर भारतात तेव्हा बटाट्याची लागवड जेमतेम सुरू होत असते. पठारावरचे शेतकरी सांगतात की सगळं पावसाच्या हातात: वेळेवर आला तर सोनं, काढणीच्या वेळी लांबला तर कंद जमिनीतच सडतात. बियाणं बहुतेक पंजाबातून येतं, त्याचा खर्च आधी आणि भाव मात्र नंतर ठरतो. वेफर्सच्या कंपन्यांशी करार करून लावणारेही इथे आहेत. दसरा-दिवाळीच्या आसपास पातळ सालीचा, नखानं सोलता येईल असा जो नवा बटाटा पुण्या-मुंबईच्या बाजारात दिसतो, त्यात या मातीचा वाटा असतो. तो पाणीदार असतो, गोडसर नसतो. काप, काचऱ्या आणि दम यांसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. लगद्यासाठी तो घेऊ नये.

आता लगदा. रोब्युशाँची कृती अगदी थोडक्यात मावते, पण तिच्यातली प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे समजून घेण्यासारखं आहे. त्याचा बटाटा 'रात' नावाचा, बोटासारखा लांबट, बदामी चवीचा. आपल्याकडे पिठूळ आणि जुना घ्यावा. १ किलो बटाटे सालासकट, अख्खे, गार पाण्यात घालून मिठासह उकडायचे. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा भाग फुटेपर्यंत शिजतो आणि मधला कच्चा राहतो. कापून उकडले तर फोडी पाणी पितात. कुकरमध्येही उकडता येतात, पण मग जाळीवर, पाण्याला न टेकता. गरम असतानाच, फडक्यात धरून सोलायचे आणि लगेच पुरणयंत्रातून काढायचे. मिक्सर इथे वर्ज्य. मिक्सरच्या पात्यानं बटाट्याच्या पेशी फाटतात, आतला शिजलेला स्टार्च बाहेर सांडतो आणि खळीसारखा चिकट गोळा तयार होतो. यंत्राची चकती पेशी एकमेकींपासून सोडवते, त्या फाडत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच बटाटा साधा राहतो. तो लगदा जाड बुडाच्या पातेल्यात घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं लाकडी उलथन्यानं हलवत राहायचं. वाफ जाते. बुडाला पातळ पापुद्रा धरू लागला की पाणी पुरेसं गेलं. बटाट्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पाणीच असतो. ते गेल्याशिवाय लोण्याला जागा होत नाही. मग फ्रिजमधलं थंडगार लोणी, रोब्युशाँच्या मापानं २५० ग्रॅम, खडे करून थोडं थोडं घालत जोरात घोटायचं. शेवटी कडकडीत तापलेलं दूध, २०० ते ३०० मिलिलिटर, बारीक धारेनं. लागलं तर बारीक चाळणीतून एकदा घासून घ्यायचं. मीठ सोडून दुसरं काही नाही.

आपल्या घरात १२५ ग्रॅम लोण्यातही हा लगदा उत्तम होतो. घरचं पांढरं लोणी वापरायचं तर ते आधी हातानं दाबून ताक पूर्ण काढून टाकावं आणि दूध जरा हात राखून घालावं, कारण त्या लोण्यात पाणी जास्त असतं. फ्रेंच लोक तो माशा-मांसाबरोबर वाढतात. भरल्या वांग्याशेजारी, किंवा कोल्हापुरी पद्धतीच्या सुक्क्या मटणाखाली तो पसरून वाढावा. तिखटाला इतका सौम्य आणि इतका सुरेख सोबती आपल्या जेवणात दुसरा सापडत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फ्रान्सनं बटाट्याला आज डोक्यावर घेतलं असलं तरी आधी त्याला दारात उभं केलं नव्हतं. बटाट्यानं महारोग होतो अशा समजुतीपायी १७४८ मध्ये तिथे त्याच्या लागवडीवर बंदी आली. आंत्वान-ओगुस्तँ पारमाँतिये हा लष्करातला औषधनिर्माता सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत पडला आणि तिथे बटाटा खाऊन जगला. परत आल्यावर त्यानं या कंदाची बाजू लावून धरली. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठानं बटाटा खाण्यास योग्य असल्याचा निर्वाळा दिला. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत पारमाँतियेच्या कबरीवर लोक आजही बटाटे ठेवून जातात.

त्या निर्वाळ्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १२ जुलै १७८८ रोजी, आल्प्सच्या कुशीतल्या गॅप गावात दोफिने प्रांताचा लष्करी अधिकारी असलेल्या क्लेरमाँ-तोनेरच्या ड्यूकनं गावच्या अधिकाऱ्यांना मेजवानी दिली. तिच्यात दुधा-सायीत भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या होत्या. 'ग्रातँ दोफिन्वा'चा हा पहिला लेखी उल्लेख मानतात. आज या पदार्थावर सर्रास चीज घालतात. मूळ दोफिन्वा पद्धतीत चीजही नाही आणि अंडंही नाही, आणि तोच पदार्थ खरा चांगला लागतो. कारण त्याचा दाटपणा बटाट्याच्या सत्त्वातून येतो.

म्हणून यातला पहिला नियम: चकत्या धुवायच्या नाहीत. १ किलो पिठूळ बटाटे सोलून अख्खे धुवायचे, पुसायचे आणि मग ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या. अर्धा लिटर म्हशीचं दूध, मोठी वाटीभर ताजी साय, मीठ आणि किसलेलं जायफळ जाड बुडाच्या पातेल्यात तापवून त्यात चकत्या सोडायच्या आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, हलक्या हातानं पातेलं हलवत ठेवायच्या. दूध हळूहळू दाटतं. ज्या पसरट भांड्यात भाजायचं त्याला आतून लसणाची अर्धी पाकळी घासून लोणी लावायचं, चकत्या नीट बसवायच्या, उरलेलं दूध वर ओतायचं. १६० अंशांवर पाऊण ते एक तास. वर सोनेरी साय धरते आणि सुरी अडखळल्याशिवाय आत जाते. बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात लावू नये. तेवढ्या वेळात तो बसतो आणि वडीसारखा कापता येतो. जायफळाचा हात आपल्या बायकांना श्रीखंडानं आणि पुरणपोळीनं शिकवलेला आहेच, त्यामुळे इथे ते जास्त पडण्याची भीती नाही.

ओव्हन नसलेल्या घरासाठी याहून सुंदर पदार्थ 'पॉम आना'. पॅरिसच्या कॅफे आंग्लेमध्ये आदोल्फ द्युग्लेरे या शेफनं एकोणिसाव्या शतकात तो बसवला, असं मानलं जातं. त्यात तीनच जिन्नस: बटाटा, मीठ आणि कढवून निथळलेलं लोणी, म्हणजे आपलं तूप. फ्रेंच स्वयंपाकी लोण्यातला दुधाचा अंश काढून टाकतात, कारण तो जळून काळा पडतो. आपल्याकडे ती बरणी भरलेलीच असते.

वेफर्सच्या किसणीवर दोन मिलिमीटरच्या, पारदर्शक होतील अशा चकत्या करायच्या. धुवायच्या नाहीत, कोरड्या पंच्यावर पसरून वरून टिपून घ्यायच्या. जाड बुडाच्या, न चिकटणाऱ्या तव्यात दोन चमचे तूप तापवून मधोमध एक चकती आणि तिच्याभोवती एकीवर एक अर्धी येईल अशा वर्तुळात बाकीच्या मांडत जायच्या. हा तळाचा थरच शेवटी वर येणार आहे, तेव्हा इथे घाई करू नये. प्रत्येक थरावर थोडं तूप, मीठ, मिरपूड. पाच-सहा थर झाले की उलथन्यानं दाबायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. मग झाकण काढून कडा सुटल्या का पाहायचं, वर थाळी उपडी ठेवून एका झटक्यात उलटायचं आणि तसंच सरकवून दुसरी बाजू पंधरा मिनिटं. थालीपीठ उलटणाऱ्या हाताला हे अवघड नाही. पदार्थ बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा मऊ होतो आणि सुरीनं त्रिकोणी कापला की थर मोजता येतात. यातल्या चकत्या एकमेकींना धरून राहतात त्या फक्त स्वतःच्या सत्त्वानं.

दिवाळीत चकलीचा सोऱ्या बाहेर निघालेला असतोच. वर सांगितलेला लगदा दूध न घालता, अर्धा किलोला दोन अंड्यांचे पिवळे बलक आणि थोडं लोणी घालून चांदणीच्या चकतीतून ट्रेवर छोट्या वळ्यांत पाडावा आणि २०० अंशांवर सोनेरी होईपर्यंत भाजावा. फ्रेंच त्याला 'पॉम द्युशेस' म्हणतात. मुलं एका बैठकीत संपवतात.

पाणी घालवण्याची कला सर्वांत उंच नेली ती काश्मिरी पंडितांनी. १९९० नंतर खोरं सोडून आलेली अनेक पंडित कुटुंबं पुण्यात स्थिरावली आहेत. अशाच एका घरात दम ओलव होताना पाहिला आणि हॉटेलातल्या 'काश्मिरी दम आलू'शी त्याचं नावापुरतंच नातं आहे हे कळलं. त्यात काजूची पेस्ट नव्हती, क्रीम नव्हतं, कांदा-लसूण-टोमॅटोही नव्हता. लिंबाहून जरा मोठे बटाटे अर्धेअधिक उकडून सोललेले होते आणि घरातल्या आजी दात कोरायच्या काडीनं एकेक बटाटा चारी बाजूंनी टोचत बसल्या होत्या. वरवर नाही, थेट गाभ्यापर्यंत. मग मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवून जरा निवू दिलं आणि त्यात मंद आचेवर बटाटे तळायला सोडले. अर्धा तास तरी ते त्या तेलात होते. टोचलेल्या भोकांतून वाफ निघत राहते, आतला भाग हलका आणि सच्छिद्र होतो, बाहेर जाड लालसर कवच येतं. आच मोठी केली तर कवच आधी तयार होतं, पाणी आत कोंडतं आणि मसाला बाहेरच राहतो.

पुढचं काम सोपं. हिंग, लवंग, मोठी वेलची, काश्मिरी मिरचीची पूड पाण्यात कालवून, घोटलेलं दही, बडीशेपेची पूड आणि सुंठ. बटाटे त्यात सोडून घट्ट झाकण, आणि रस आटून तेल वर येईपर्यंत मंद आच. ताटात वाढलेला बटाटा मोडला तर तो मध्यापर्यंत लाल दिसला पाहिजे. आजींच्या लेखी दम ओलवची परीक्षा एवढीच होती. नवा, छोटा, पाणीदार बटाटा यासाठी अगदी योग्य. पिठूळ बटाटा टोचतानाच फुटतो.

आपल्या किनाऱ्यावर बटाट्याचं वेगळंच घराणं आहे. गोव्यातल्या आणि कारवारकडच्या सारस्वत घरांत बटाट्याचे काप करतात ते मासळीच्या तोडीनं. अर्ध्या सेंटिमीटरच्या गोल चकत्या, त्यांना हिंग, हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी निथळायचं, तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवायचं आणि तव्यावर खोबरेल सोडून दोन्ही बाजूंनी निगुतीनं भाजायचं. वरणभाताशेजारी चार काप ठेवले की पानाला पूर्णता येते. सोंग हा त्याच घरातला दुसरा पदार्थ, तिखटाला न भिणाऱ्यांसाठी: भरपूर कांदा खोबरेलात लाल होईपर्यंत परतून, भाजलेल्या सुक्या मिरच्या आणि चिंचेचं वाटण, आणि उकडलेल्या फोडी. तिसरं हुमण. ओलं खोबरं, मिरची, चिंचेचा रस, बटाटा. शेवटी हिंगाचं पाणी आणि वरून कच्च्या खोबरेलाची धार. ती धार पडल्यावर पुन्हा उकळी काढायची नाही, झाकण ठेवून आच बंद. त्या घरातल्या मावशी हे सांगताना आवाज जरा चढवतात, इतकं ते महत्त्वाचं.

देशावरच्या काचऱ्यांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे, कारण त्या रोजच्या झाल्यामुळे त्यांची गणना कोणी करत नाही. विळीवर एकसारख्या पातळ काचऱ्या करणं हे कौशल्याचं काम आहे. त्या धुवायच्या, पंच्यावर कोरड्या करायच्या, हिंग-मोहरी-हळदीच्या फोडणीत टाकून एक वाफ आणायची आणि मग झाकण काढायचं ते काढायचंच. मीठ शेवटी. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि काचऱ्यांची भाजी होते.

धुण्याचा प्रश्न सर्वांत निकरावर येतो तो उपासाच्या किसात. ग्रातँमध्ये जे सत्त्व जपायचं तेच इथे काढून टाकायचं. कच्चा बटाटा थेट पाण्यात किसायचा, पाणी पांढरं होतं, ते बदलायचं, पुन्हा धुवायचं, पाणी नितळ दिसेपर्यंत. मग मुठीत घट्ट पिळायचा. तूप, जिरं, हिरवी मिरची, वर कीस. झाकण ठेवून दोन वाफा आणि मध्ये एकदाच हलक्या हातानं वरखाली. दाण्याचा कूट, मीठ, चिमूटभर साखर अगदी शेवटी. वर लिंबू, ओलं खोबरं. प्रत्येक तार सुटी असलेला कीस पानात पडला तर तो कुठल्याही मेजवानीत शोभतो. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद हे सगळे अमेरिका खंडांतून आलेले, आणि आपल्या एकादशीनं त्यांना पवित्र करून घेतलं. आपल्या स्वयंपाकघराच्या मनाच्या मोठेपणाचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

उपासाचं पॅटीस करताना बटाटा आदल्या रात्री उकडून, सालासकट फ्रिजमध्ये ठेवावा. उकडलेला ठेवायला हरकत नाही. गार झाल्यावर शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, त्यामुळे सकाळी यंत्रातून काढलेला लगदा हाताला चिकटत नाही आणि आरारूट अगदी कमी लागतं. आरारूट जितकं कमी तितकं पॅटीस मऊ. आत ओलं खोबरं, मिरची, जिरं, काजू, बेदाणे, लिंबू, साखर. तेल मध्यम तापलेलं हवं. थंड तेलात ती विरघळतात. बरोबर गोड दही.

आणखी दोन घरांकडे जाता जाता पाहावं. पारशी घरात काडेपेटीच्या काड्यांइतक्या बारीक तळलेल्या सळ्या मांसाच्या रश्शावर ढिगानं घालतात, आणि 'पपेटा पर ईडू'त परतलेल्या बटाट्यात खळगे करून त्यात अंडी फोडून वाफवतात. रविवारच्या नाश्त्याला याहून देखणं काही नको. बंगाली घरात लुचीबरोबर जो पांढरा बटाटा वाढतात त्यात हळदही नसते. मोहरीचं तेल, कलौंजी, चिरलेल्या हिरव्या मिरच्या, मीठ. बस्स. कोलकात्याच्या बिर्याणीतला अख्खा बटाटा १८५६ मध्ये मटियाबुर्जला आलेल्या वाजिद अली शाहच्या खानसाम्यांशी जोडला जातो. तो गरिबीमुळे आला की नवलाईमुळे, यावर तिथे अजून वाद होतो, पण त्या बिर्याणीत मांसाआधी बटाटा शोधणारे लोक आहेत हे खरं.

यातलं एकच काही करायचं असेल तर पॉम आना करा. बटाटा, तूप आणि मीठ घरात आहेच, आणि लागतो तो तासाभराचा वेळ. दोन पदार्थ करायचे असतील तर दुसरा काप. दम ओलव सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा आणि टोचायच्या कामाला घरातल्या सगळ्यांना बसवा.

आणि या दिवाळीत भाजी आणायला जाल तेव्हा तुमच्या भाजीवाल्याला तीन गोष्टी जरूर विचारा: हा बटाटा कुठल्या गावचा, शेतातून आलेला की शीतगृहातून, आणि जात कोणती. पहिल्या खेपेला बहुधा उत्तर मिळणार नाही. तरी विचारत राहा. गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदार पुढच्या वेळी यार्डात विचारून येतो. सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर बटाटा काढणाऱ्या शेतकऱ्याच्या गावाचं नाव आपल्या बाजारातल्या पाटीवर यायचं असेल, तर सुरुवात आपल्या पिशवीपासूनच करावी लागेल.